मोहित्यांचा राग

के. आर. पुरम, बेंगळूरु
४ ऑगस्ट २०२४

आत्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात कोणाला काही झालेलं नाही. अप्पांनी माझा फोन काढून घेतला आहे, आणि अम्माच्या फोनवरून बोलायचं तर अम्मा शेजारी उभी राहून कान देते. बेळगावात तुमचा पोस्टमन अजून दारात थांबून गप्पा मारतो असं तूच सांगायचीस. मग घे, त्याला काम.

फोन का गेला ते सांगते. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं की संहिता मोहिते, तुझं रेकॉर्ड बुक कधी पूर्ण होणार. मी म्हटलं, तुमचा पोर्शन पूर्ण झाला की. वर्ग हसला, मी बाहेर. सरांनी अप्पांना फोन केला, अप्पांनी माझा फोन घेतला. रात्री अम्माने पानावर बसल्यावर जेव, जेव असं इतक्यांदा म्हटलं की मी ताट फेकलं. ते घरंगळत थेट ताताच्या खुर्चीखाली गेलं.

मला वाटलं आता संपलं. पण ताताने ताट उचललं, शांतपणे टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हा मोहित्यांचा राग आहे. पिढीत एकालाच येतो." आणि अप्पा, ज्यांनी दोन तासांपूर्वी मला नालायक म्हटलं होतं, ते मान खाली घालून हसत होते. मी पाहिलं. फोन मात्र परत दिला नाही.

थ्रोबॉल मी सोडला. आमची कॅप्टन अनुषा मूर्ख आहे. घरी बोलवायला आली होती, अम्माकडून निरोप पाठवला की झोपले आहे. खोटं नव्हतं. हल्ली कॉलेजमधून आले की झोपते ते दिवे लागल्यावर उठते, आणि उठल्यावर परत झोपावंसं वाटतं. सकाळी पोट दुखतं. अम्मा म्हणते नाटक आहे. असू दे नाटक.

उत्तर लिही, आणि कोणाला दाखवू नकोस.

संहिता


बेळगाव
१४ ऑगस्ट २०२४

माझ्या भांडकुदळ भाचीला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या रत्नाबाई काय झालं म्हणून वर आल्या. त्यांना सांगितलं, आमच्या घरात आणखी एक वाघीण निघाली.

तुझ्या ताताने, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हेच म्हटलं होतं, तुला माहीत आहे का? बेळगावच्या छापखानेवाल्याशी लग्न करीन, नाहीतर कोणाशीच नाही, असं मी विसाव्या वर्षी त्यांच्या तोंडावर सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज तलवारी घेऊन बेंगळूरला आले आणि मोहित्यांच्या मुली तेव्हापासून बेंगळूरच्याच मराठा घरांत दिल्या जातात, हे त्यांनी मला ऐकवलं. मी म्हटलं, मग मी परत निघाले असं समजा. दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आणि आज घरात फरशी बदलायची असली तरी आधी मला फोन करतात. माणसं नमणाऱ्याला विसरतात, अडणाऱ्याला विचारतात.

तेव्हा हा राग जप. तुझी अम्मा राजलक्ष्मी गरीब गाय आहे, तिच्यावर मात्र काढू नकोस. त्या सरांना तू दिलेलं उत्तर मला फार आवडलं. रणवीरला मी फोन करून सांगते की पोरीचा फोन दे. माझा धाकटा भाऊ आहे तो, ऐकेल.

झोपेचं म्हणशील तर या वयात मीही झोपायचे. सोबत कुंदा पाठवते आहे, तुला आवडतो म्हणून.

तुझी,
संयोगिता आत्या


के. आर. पुरम
९ सप्टेंबर २०२४

आत्या,

कुंदा मिळाला. सगळ्यांनी खाल्ला. मला चव लागली नाही, पण सध्या कशालाच लागत नाही, त्यामुळे हलवायाला दोष देऊ नकोस.

अम्माने मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. आपल्याकडे रीत तुला माहीत आहे, मोठ्या माणसासमोर पोरांनी उत्तरं द्यायची नाहीत. डॉक्टर कन्नडमध्ये मला विचारत होते आणि अम्मा माझ्याकडे न बघता कन्नडमध्येच त्यांना सांगत होती. झोप येते का? खूप येते. भूक? पहिल्यापासून कमीच. चिडते का? हो, ते आमच्या घरातच आहे. डॉक्टर हसले. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन स्वल्प कमी आहे. लाल रंगाचं टॉनिक दिलं.

कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमकडेही पाठवलं. त्यांनी विचारलं, तुला रडू येतं का? नाही. उदास वाटतं? नाही. मग काय वाटतं? मी म्हटलं, राग येतो. त्यांनी लिहिलं, ॲटिट्यूड, आणि मला रोजच्या अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं. त्यात सकाळी पाच वाजता उठायचं आहे. मी ते त्यांच्यासमोरच फाडलं. बाहेर आल्यावर वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आता बातमी ऐक. खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढची तलवार पुजून झाली की ती हातात घेऊन गल्लीच्या मारुतीपर्यंत कोणी न्यायची हे ताता ठरवतात ना? यंदा मी. इतक्या वर्षांत पहिली मुलगी. ताताने जेवताना जाहीर केलं. अम्मा रडली, अप्पांनी दहा जणांना फोन लावले. मला आनंद व्हायला हवा होता. मी जेवण होईपर्यंत वाट पाहिली, मग नंतरही पाहिली. आला नाही.

सगळ्यांना माझा राग आवडतो. तुलासुद्धा.

संहिता


बेळगाव
२० सप्टेंबर २०२४

संहिते,

पहिली मुलगी. मी ती ओळ वाचून खुर्चीत बसूच शकले नाही. मला जे मिळालं नाही ते तुला मिळतं आहे, आणि तुझ्या ताताच्या हातून. त्या काउन्सेलर बाईचा कागद फाडलास ते बरंच केलंस. पाच वाजता कोंबडे उठतात.

मी येते आहे. अष्टमीला पोचेन. माझी हिरवी इरकल तुझ्यासाठी आणते, तिचा पदर तलवारीजवळ शोभेल. आनंद उशिरा येतो कधी कधी, मिरवणुकीत निघालीस की येईल. टॉनिक वेळेवर घे.

संयोगिता आत्या


के. आर. पुरम
१७ ऑक्टोबर २०२४

आत्या,

तू परवा गेलीस आणि आज मी लिहिते आहे, कारण तू समोर होतीस तेव्हा मी तुला खोलीबाहेर हाकललं.

मारुतीवरून परत आल्यावर तू माझ्या डोक्यातला गजरा सोडायला बसलीस. वरून केस चापून बसवले होते, अम्माने तेल लावून दिलं होतं. खाली तुझी बोटं अडकली. मानेजवळ केसांची नुसती गाठ झाली आहे, कित्येक आठवडे मी तिथे फणी लावलेली नाही. तुझा हात थांबला. मला कळलं की तुला कळलं. म्हणून ओरडले. आणि तू गेलीस, काही न बोलता. तू, जी सगळ्यांना बोलतेस.

तर मीच सांगते. मला राग येत नाही, आत्या. मी तो आणते. बाकी वेळ आत काहीच नसतं, भूक नाही, मैत्रिणी नाहीत, केस धुवायला उठायचं म्हटलं तर हात उचलत नाही. कोणावर ओरडले की तेवढ्यापुरतं काहीतरी आहे असं वाटतं. म्हणून ओरडते. आणि ओरडले की घर खूश होतं. आजारी पडायची ही काय जागा आहे, जिथे ताप चढला की आरती करतात?

त्या दिवशी तलवार हातात होती, गल्लीतले लोक फोनवर शूटिंग करत होते, आणि मी एवढाच विचार करत होते की उद्या सकाळ झाली नाही तर बरं. हे नवीन नाही. जूनपासून आहे. मी काही केलेलं नाही, पण विचार रोज येतो आणि आता तो जास्त वेळ थांबतो.

हे कोणाला सांगू नकोस. तुला शपथ आहे.

संहिता


बेळगाव
२१ ऑक्टोबर २०२४

बाळ,

तुझं पत्र दुपारी मिळालं. आज संध्याकाळच्या गाडीने निघते आहे. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे, कारण समोर आल्यावर मला बोलता येईल याची खात्री नाही.

तुझी शपथ मी मोडली. राजलक्ष्मीला फोन करून सगळं सांगितलं. आजपासून ती तुझ्या खोलीत झोपेल, तुला एकटं ठेवणार नाही, आणि तू आरडाओरडा केलास तरी ती उठून जाणार नाही. मला वाटलं होतं ती रडत बसेल. ती फक्त एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही या, तोवर मी आहे." मी तिला आयुष्यभर गरीब गाय म्हणत आले.

माझ्यावर चिडायचं असेल तर चिड. शपथ मोडली की माणूस मरतं असं म्हणतात, मला तर तुझ्या गप्प बसण्याची भीती वाटते.

गाठीला हात लागला तेव्हा मला कळलं होतं, हे खरं आहे. बेळगावपर्यंतच्या प्रवासात मी स्वतःला समजावत आले की दसऱ्याच्या गडबडीत राहून गेलं असेल. तुझी आधीची पत्रं आज पुन्हा काढून वाचली. सगळं लिहिलेलं होतंस तू. झोप, पोट, चव, अनुषा. मी फक्त ताट फेकलेलं वाचलं.

रणवीरलाही फोन केला होता. तो म्हणाला, "अक्का, तलवार घेऊन चालली ती पोरगी, तिला कसलं डिप्रेशन?" मी त्याला म्हटलं, हे तुझं म्हणणं डॉक्टरांसमोर मांड, मी घेऊन जाते आहे. येणार असशील तर गाडी काढ, नसशील तर रिक्षा आहे.

आत्या


के. आर. पुरम
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तू बेळगावला परत गेल्यापासून घरात काय चाललं आहे ते लिहिते, आणि त्या दिवशी दार लावल्यावर आत काय झालं तेही. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

एचएसआर लेआउटमधले पहिले डॉक्टर तुला आठवत असतील. अप्पा, ताता, अम्मा, तू आणि मी, पाच जण एका ओळीत बसलो होतो. त्यांनी विचारलं उदास वाटतं का, तर मी म्हटलं तुमच्या फीचा बोर्ड बघितल्यावर वाटलं. अप्पा हसले, डॉक्टरही हसले. म्हणाले, एवढी हजरजबाबी मुलगी, फोन कमी करा. मी महिनोन् महिने फोन पाहिलेला नव्हता. ताता गाडीत बसताना म्हणाले, झालं समाधान? आणि तू रस्त्यात उभी राहून म्हणालीस, नाही झालं, दुसरा दाखवू. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझ्या बाजूने हट्ट करतंय.

दुसऱ्या डॉक्टर, महानंदा मॅडम, यांनी तर सगळ्यांना बाहेरच काढलं. तूही माझ्या वतीने उत्तर द्यायला लागली होतीस, तेव्हा त्या तुला म्हणाल्या, "अक्का, सरी, ठीक आहे, तुमचं मी नंतर ऐकते. आता हिचं." तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दार लागल्यावर त्यांनी उदास, रडू वगैरे काही विचारलं नाही. घरी ताट फेकलंस म्हणे, असं म्हणाल्या. मी म्हटलं हो. मग विचारलं, "राग उतरल्यावर काय उरतं?"

मी चांगलं उत्तर शोधत होते. सापडलं नाही. मी म्हटलं, "काहीच नाही." आणि मग मला रडू आलं, ते थांबेचना. त्यांनी मला रडू दिलं. नंतर जगण्यामरण्याचं त्यांनी सरळ विचारलं, आजच्या पावसाचं विचारावं तसं, आणि मी सरळ सांगितलं.

त्यांनी समजावलं की हे नैराश्यच आहे. माझ्या वयात ते दरवेळी रडत येत नाही, चिडचिड होऊन येतं, पोटदुखी होऊन येतं, झोप होऊन येतं, म्हणून घरच्यांना तो स्वभाव वाटतो, कॉलेजला शिस्तीचा प्रश्न वाटतो आणि डॉक्टरांनाही फसायला होतं. मी विचारलं, म्हणजे माझा दोष नाही? त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिन कमी होतं तेव्हा विचारलं होतंस का?

आता घरची लढाई. गोळ्या अम्माच्या कपाटात कुलपात आहेत, ती रोज रात्री जेवणानंतर एक काढून देते. ताता म्हणतात, गोळ्या खाऊन मोहित्यांचं रक्त थंड करणार. घरात वेड्याची औषधं नकोत. अप्पा म्हणाले, निदान त्यांच्यासमोर घेऊ नकोस. सुरुवातीला मी मोरीत जाऊन घ्यायचे. मग एके दिवशी वाटलं, ताट मी सगळ्यांसमोर फेकलं तर कौतुक झालं, गोळी का लपून घ्यायची? तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर, ताताच्या समोर बसून घेते. ते उठून जातात. मी पाणी पिते.

बरं वाटतं का? फार नाही. अम्माने खोबरेल घालून घालून ती गाठ सोडवली, संध्याकाळ गेली. काल मी स्वतः केस धुतले. मग दमून झोपले.

संहिता


बेळगाव
३ डिसेंबर २०२४

संहिते,

तुझ्या ताताचा काल मला फोन आला. पाऊण तास बोलले. कुळाची अब्रू, तुझं पुढे लग्न, लोक काय म्हणतील, आणि हे सगळं मी घरात आणलं. मी त्यांना पहिल्यांदा पूर्ण बोलू दिलं, एरवी मला ते जमत नाही.

मग विचारलं, मधुमेहाची गोळी तुम्ही कुठे घेता? टेबलावर. ती घेताना पोरगी कधी उठून गेली का? मग म्हणाले की हा राग आपल्या घराण्याची खूण आहे. मी म्हटलं, चारशे वर्षं टिकलेलं कुळ एका पोरीच्या गोळीने बुडणार असेल, तर खुशाल बुडू दे. मला पोरगी हवी आहे. त्यांनी फोन ठेवला. आता पुन्हा दोन वर्षं बोलणार नाहीत बहुतेक. मला सवय आहे.

तू तुझी गोळी टेबलावरच घे. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नकोस, आणि एखाद्या दिवशी वाईट वाटलं म्हणूनही नको. महानंदा मॅडमना विचारल्याशिवाय काही नाही. वाईट दिवस येतील. तो विचार परत आला तर रात्र असो, पहाट असो, अम्माला उठव. तिला जमत नसेल तर मला उठव.

आत्या


के. आर. पुरम
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

संक्रांतीला आपल्याकडे सगळे जमले होते. ताताच्या मावसबहीण जमनाबाई महादेवपुऱ्याहून आल्या होत्या, तिळगूळ वाटून झाल्यावर जेवायला बसलो. मी गोळी घेतली. त्यांनी विचारलं, कसली? ताता लगेच म्हणाले, व्हिटॅमिनची. मी म्हटलं, नाही, डिप्रेशनची. अप्पा पाण्याचा तांब्या बघत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हो. आम्हाला कळायला वेळ लागला." एवढंच म्हणाले आणि भात मागितला.

नंतर जमनाबाईंनी मला गच्चीवर गाठलं आणि हळूच महानंदा मॅडमचा पत्ता विचारला. कोणासाठी ते सांगितलं नाही. मी दिला.

ताता अजून मानत नाहीत. यंदाच्या दसऱ्याला तलवार माझ्या चुलतभावाला देणार म्हणून त्यांनी आतापासून जाहीर केलं आहे, कारण मी आता थंड झाले. देऊ देत. मी त्यांना म्हटलं, मिरवायला मला राग नको आहे. ते मानणार नाहीत, आणि त्यांनी मानावं म्हणून मी बरी होणार नाही. मी माझ्यासाठी होणार.

मधे एक वाईट आठवडा गेला. अम्माला दोनदा उठवलं. दोन्ही वेळा ती उठली. थ्रोबॉलला परत गेलेले नाही, अनुषाला मात्र फोन केला. फोन मिळाला, हे सांगायचं राहिलंच.

आता एक गोष्ट, आणि ती वाचून दुखावलीस तरी चालेल. मला तुझा राग आला आहे.

परवा तुझी पत्रं वाचत होते. मी बुडत होते आणि तू काठावरून शाबासकी देत होतीस. तुला माझ्यात तू दिसलीस, मग मी दिसलेच नाही. ताताने केलं तर समजतं, ते ताता आहेत. पण मी सगळं सोडून तुला लिहिलं होतं, कारण मला वाटलं तुला वाचता येईल. आनंद मिरवणुकीत येईल असं लिहिलंस. कुठून येणार होता?

हा राग मी आणलेला नाही. ओरडावंसं वाटलं नाही, काही फेकावंसं वाटलं नाही. तो आपणहून आला, रात्री झोपले तरी सकाळी होता, आणि त्याच्याखाली काहीच नाही असं नव्हतं. त्याच्याखाली तू हवी आहेस असं होतं. महानंदा मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, जिचा आला आहे तिला सांग.

म्हणून सांगते. परीक्षा संपली की मी बेळगावला येते आहे, एकटी, रात्रीच्या बसने. तुझ्याशी भांडायचं आहे. कुंदा वगैरे पुढे करून विषय बदलू नकोस. मी खूप बोलणार आहे, आणि तू मला पूर्ण बोलू द्यायचं आहेस.

घरी राहा.

संहिता